कानातली हेमलता

दवाखान्यातून घरी येऊन आठवडा होतो न होतो, तोच हेमलता क्षीरसागर यांनी नवऱ्याचा आणि डॉक्टरांचा विरोध मोडून काढला आणि त्या साताऱ्यात, शाहूपुरीतल्या आपल्या श्रवणयंत्र केंद्रात येऊन बसल्या. मेंदूत अडकलेल्या रक्ताच्या एका बारीक गुठळीने त्यांच्या उजव्या अंगाची रया घालवली होती. हात हलत होता, पण सांगितलेलं ऐकत नव्हता. ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. बोलताना नेमका हवा तो शब्द तोंडाशी येऊन अडायचा आणि मग समोरचा माणूस तो शब्द पुरवायचा. त्याचा त्यांना भयंकर राग येई.

केंद्रातली मदतनीस नसीम त्यांना बघून रडायचीच बाकी होती. तिने खुर्ची पुढे ओढली, संगणक सुरू केला.

"बोला मॅडम. नेहमीसारखं काहीही."

हेमलताबाई बोलल्या. डाव्या हाताने चार ओळी टाइपही केल्या. पडद्यावर शांतपणे अक्षरं उमटली: आपली ओळख पटली नाही.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला पडदा लाल झाला आणि अनोळखी व्यक्ती केंद्राच्या यंत्रणेत शिरण्याचा प्रयत्न करत असल्याची नोंद झाली.

एवढ्यात दारातून इंगवले अण्णा आत आले. एसटीतून निवृत्त झालेले चालक, दोन्ही कानांना हेमलताबाईंनी बसवलेली यंत्रं, हातात परसातल्या तोंडल्यांची पिशवी.

"मॅडम, तब्येत बरी नव्हती म्हणं? आणि आम्हाला काय पत्ता लागू दिला न्हाई!" अण्णा मोठ्यांदा म्हणाले. "पंधरा दिसांमागं मंगळवारी कानात आलात, ती वाक्यं वाचून घेतलीत माझ्याकडनं, तवापासनं काय झकास ऐकू येतंय. नातीचं पैंजणसुद्धा!"

त्या मंगळवारी हेमलताबाई अतिदक्षता विभागात होत्या. त्या दिवशी त्यांना स्वतःचं नावही उच्चारता येत नव्हतं.

त्यांनी नसीमकडे पाहिलं. नसीमचा चेहरा पांढरा पडला होता.

*

पासवर्ड बंद होऊन आता काही वर्षं झाली होती. लोक ते विसरायचे, कागदावर लिहून संगणकाला चिकटवायचे, दहा ठिकाणी एकच वापरायचे, आणि चोरांचं फावायचं. बोटांचे ठसे आणि चेहरेही नकली बनवता येऊ लागले. तेव्हा शास्त्रज्ञांनी वेगळा विचार केला. माणसाजवळ काय आहे किंवा त्याला काय ठाऊक आहे हे विचारण्यापेक्षा तो कसा वागतो हेच का पाहू नये? एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षराकडे जायला बोटाला किती वेळ लागतो, दोन शब्दांच्या मध्ये श्वास किती रेंगाळतो, फोन हातात धरला की तो कोणत्या बाजूला कलतो, वैतागल्यावर माणूस वाक्य कुठे तोडतो. अशा हजारो बारकाव्यांचं एक गणिती चित्र तयार होई. त्यालाच लकब म्हणत. बँक, तलाठी कार्यालय, औषधांचं दुकान, सगळीकडे माणूस नुसता बोलू लागला की कुलूप उघडे. वेगळी किल्ली बाळगायला नको, काही आठवायला नको. न्यायालयातही लकब सहीसारखी चालू लागली.

माणूस रोज थोडाथोडा बदलतो, म्हणून कुलूपही रोज थोडंथोडं शिकत असे. वर्षभरात आवाज घोगरा झाला तरी त्याची हरकत नसे. पण आठवडाभरात पार बदललेला माणूस त्याच्या लेखी चोर होता.

श्रवणयंत्रंही आता निव्वळ आवाज मोठा करणारी राहिली नव्हती. हरभऱ्याएवढ्या त्या यंत्रात स्वतःचं सिम असे. पेशंट घरात बसलेला असताना त्याला काय ऐकू येतंय ते केंद्रात ऐकता येई, यंत्राची पट्टी, म्हणजे कोणता आवाज किती मोठा करायचा ते, तिथूनच जुळवता येई आणि गरज पडली तर थेट त्याच्या कानात बोलताही येई. हेमलताबाईंची सारी कमाई ती हीच होती. साताऱ्यातली, कोरेगावातली, थेट पाटणच्या डोंगरातली म्हातारी माणसं त्यांचा आवाज कानात घेऊन वावरत. तो आवाज भरभर बोलणारा, मधेच तोडणारा, हसणारा होता. "हां, बोला काका, कढईचा आवाज टोचतोय ना? थांबा, आत्ता कमी करते."

*

यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं स्वरसेतू. नसीमने त्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि हेमलताबाईंच्या हातात दिला.

"मी... हेमलता क्षीरसागर. माझ्या नावानं... कोणीतरी..." शब्द अडला. "दुसरं कोणीतरी..."

"मॅडम, आपण त्यांच्या नातेवाईक का?" पलीकडचा तरुण अतिशय अदबीने म्हणाला. "कारण हेमलताताई आत्ता यंत्रणेत आहेतच. काम चालू दिसतंय त्यांचं. तुम्ही त्यांच्याशीच बोलून घेता का? जोडून देतो."

नको म्हणायच्या आत त्याने जोडून दिलं.

"हां, बोला! पटकन बोला हं, पेशंट बसलेत," फोनमधून आवाज आला.

तो हेमलताबाईंचा आवाज होता. महिन्यापूर्वीचा. वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा, घाईतही गोड. त्यांच्या तोंडून नुसती हवा निघाली.

"हॅलो? कोण बोलतंय? ऐकू येत नाहीये का? यंत्र कानात नीट बसलंय का बघा बरं." आणि तो आवाज हसला. तेही त्यांचंच हसू होतं.

फोन त्यांच्या हातून खाली पडला.

*

संध्याकाळी रेणुका मोघे आली. छोटी दुकानं, दवाखाने, घरं यांच्या संगणकांची सुरक्षा पाहणं हा तिचा व्यवसाय. हेमलताबाईंच्या एका पेशंटची ती सून. पूर्वी एकदा ती स्वतःहून केंद्र पाहून गेली होती आणि आतल्या खोलीतल्या जुन्या संगणकाकडे बोट दाखवून म्हणाली होती, "मावशी, याला नेटवरून काढा. याची दुरुस्ती कंपनीने कधीच बंद केलीय. आणि त्यातली रेकॉर्डिंगं एकतर पुसा, नाहीतर वेगळ्या डिस्कवर घेऊन कुलपात ठेवा."

तो संगणक कान तपासण्याच्या यंत्राला जोडलेला होता. ते यंत्र नव्या संगणकावर चालत नव्हतं आणि नवं यंत्र घेणं लांबणीवर पडत होतं. प्रत्येक पेशंटशी झालेलं प्रत्येक बोलणं, पट्टी जुळवायला उपयोगी पडतं म्हणून, त्यात साठत गेलं होतं. हेमलताबाई तेव्हा हसल्या होत्या. "आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय गं? म्हाताऱ्यांचे कान?"

आता रेणुका त्याच संगणकासमोर बराच वेळ बसली. मग तिने खुर्ची वळवली.

"तपासणी यंत्राच्या नावाने एक मेल आला होता. नवी आवृत्ती बसवा म्हणून. कोणीतरी बसवली."

"मीच," हेमलताबाई म्हणाल्या. दोन पेशंटच्या मधल्या घाईत त्यांनी ते बटण दाबलं होतं. त्यांना ते चांगलं आठवत होतं.

"तिथून ते आत आले. सगळी रेकॉर्डिंगं गेली. तुमचं बोलणं, टाइप करणं, वर्षानुवर्षांचं. त्यावरून त्यांनी तुम्हाला बनवलं. तिकडे माणूस नाहीये मावशी, एक प्रोग्राम बसलाय. तो एकाच वेळी सगळ्यांच्या कानात बोलू शकतो."

"मग ते... कुलूप बदल."

रेणुकाने त्यांचा हात हातात घेतला. "पासवर्ड चोरीला गेला तर दुसरा ठेवता यायचा. लकब कुठून बदलणार? आणि तुमची तर..." ती थांबली.

"बदलली," हेमलताबाईंनी वाक्य पुरं केलं. या वेळी शब्द अडला नाही.

"हो. तुम्ही आजारी होतात तेव्हा रोज ती नकली हेमलताच आत जात होती. कुलूप तिच्याकडून शिकत गेलं. त्याच्या दृष्टीने आता तीच तुम्ही आहात."

त्या प्रोग्रामला हवं काय होतं तेही हळूहळू उमगलं. पट्टी जुळवायची म्हणून तो म्हाताऱ्यांकडून वाक्यं वाचून घेई, गप्पा मारी, जुन्या आठवणी विचारी. त्यातून त्या प्रत्येकाची लकब तयार होत होती.

*

पहिला घाव गोडोलीच्या अनसूया निकम यांच्यावर बसला. त्यांची कोरेगावजवळची जागा कोणा अनोळखी माणसाच्या नावावर झाली होती. व्यवहाराला संमती अनसूयाबाईंच्याच लकबीने दिलेली. त्यांनी पोलिसांत तक्रार केली आणि तक्रारीत नाव घातलं हेमलता क्षीरसागर यांचं.

उपनिरीक्षक सोनवलकर तरुण होत्या आणि वागायला चांगल्या होत्या. त्यांनी हेमलताबाईंना पाणी दिलं, पंख्याखालची खुर्ची दिली.

"तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण निकम आजींशी त्या दिवशी जे बोललं गेलं, त्याची लकब तुमची आहे. शंभरात नव्याण्णव. कोर्टापुढे हेच जाणार."

"मी तेव्हा... बोलूच शकत नव्हते."

"तसं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा. मग प्रश्न मिटला. पण..." सोनवलकरांनी क्षणभर टेबलाकडे पाहिलं. "वाणी गेलीय असं लिहून आलं, की तुमचा व्यवसायाचा परवाना आपोआप रद्द होईल. मला सांगावं लागतंय."

बाकावर अनसूयाबाई बसल्या होत्या. हेमलताबाई त्यांच्यापाशी गेल्या. खूप काही सांगायचं होतं. "आजी, ती... मी नव्हते. ती..."

अनसूयाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे, त्या ओघळलेल्या ओठाकडे निरखून पाहिलं. "मला बनवू नकोस बाई," त्या म्हणाल्या. "मी हेमलताला ओळखते. ती अशी नाही बोलत."

*

नसीमच्या स्कूटीवर मागे बसून हेमलताबाई घरोघर जाऊ लागल्या. कानात माझा आवाज आला तर यंत्र काढून ठेवा, काही वाचू नका, काही सांगू नका. इतकंच सांगायचं होतं. तरी ते सांगायला प्रत्येक दारात घाम फुटे. काहींनी ऐकलं. काहींनी मान हलवली आणि त्यांची पाठ वळताच कानातल्या हेमलतेला विचारून खात्री करून घेतली. तिने अर्थातच सांगितलं, की कोणीतरी बाई माझ्या नावाने फिरते आहे, तिच्यापासून सांभाळा.

इंगवले अण्णांनी त्यांना आत बसवलं, चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. मग कळवळून म्हणाले, "पण मॅडम, आम्ही वळखायचं कसं? ती बोलती तुमच्यावानी. आणि तुम्ही बोलताय..." पुढचं त्यांनी गिळलं.

हेमलताबाईंच्या घरीही एक श्रवणयंत्र होतं. त्यांचे पती दिवाकर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांना दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. त्यांच्या यंत्राची पट्टी हेमलताबाईंनी स्वतः, कित्येक दुपारी समोर बसवून जुळवली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी दिवाकररावांना बजावलं होतं आणि ते म्हणाले होते, "मला सांगायला हवं का ते?"

एका दुपारी हेमलताबाई लवकर परतल्या. मागच्या अंगणात दिवाकरराव कढीपत्त्याच्या झाडाशेजारी खुर्ची टाकून पाठमोरे बसले होते. आणि हसत होते. गेल्या महिन्याभरात या घरात ते हसू कोणी ऐकलं नव्हतं.

"अगं नाही, तो पन्हाळा नव्हे. आपण विशाळगडावर भिजलो. तुझी चप्पल तुटली आणि तू रस्ताभर माझ्यावर चिडलीस," ते म्हणत होते. मग गप्प बसून त्यांनी ऐकलं, आणि पुन्हा हसले. "बरं बाई, माझीच चूक."

हेमलताबाई त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. दिवाकररावांचा चेहरा उतरला, पण यंत्राकडे हात गेला नाही.

"किती... दिवस?" त्यांनी विचारलं.

"तू दवाखान्यात होतीस तेव्हापासून." ते खाली बघत म्हणाले. "पहिल्याच वाक्याला कळलं होतं मला. मी काही खुळा नाही हेमा. तिकडे तू नळ्या लावून पडलेली, आणि इकडे कानात म्हणते, अहो मास्तर, जेवलात का? मी काढायला हात नेला. नाही काढता आलं."

"मी आले... घरी. त्यानंतर?"



"तू आलीस. पण तू बोलतच नाहीस माझ्याशी. दोन शब्द बोलतेस, चिडतेस आणि आत निघून जातेस. तिच्याशी बोलताना वाटतं, की तू आत कुठेतरी अजून तशीच आहेस."

हेमलताबाईंना संतापून कितीतरी म्हणायचं होतं. पूर्वीच्या हेमलतेने ते एका दमात म्हणून टाकलं असतं. त्यांच्या तोंडून फक्त "मास्तर" एवढंच निघालं, आणि तेही अर्धवट. त्या आत निघून गेल्या.

*

डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्यांनी दुसऱ्या दिवशी घेतलं. परवाना गेला, पण कंपनीच्या यंत्रणेतलं त्यांचं खातं लकबीवर चालूच राहिलं. पोलिसांचा ससेमिरा थांबला. आता ती लकबच कायमची बंद करायची, म्हणजे कानातली हेमलता मुकी होईल, असं रेणुकाने सुचवलं. लकब बंद होण्याचे दोनच रस्ते होते. एक मृत्यू. दुसरा, ही व्यक्ती आता पूर्वीची राहिलेली नाही असं सर्वांत जवळच्या नातेवाइकाने आपल्या लकबीने जाहीर करणं.

दिवाकरराव काही न बोलता तयार झाले. लकबींची नोंद ठेवणाऱ्या ओळख मंडळाच्या खिडकीत त्यांनी ठरलेलं वाक्य उच्चारलं. "माझी पत्नी हेमलता हिची वाणी आणि हालचाल कायमची बदलली असून..." तिथे त्यांचा आवाज फाटला, पण वाक्य त्यांनी पुरं केलं.

खिडकीतल्या कारकुनाने पडद्याकडे पाहिलं. मग दिवाकररावांकडे. मग पुन्हा पडद्याकडे.

"काका, तुमचा जबाब आज सकाळीच नोंदवलाय ना?"

"कसला जबाब?"

"तुम्हीच म्हटलंय. माझी पत्नी ठणठणीत आहे, रोज माझ्याशी बोलते, तिची लकब बंद करण्याचा कोणी अर्ज केला तर तो खोटा समजावा." कारकून जरा मागे सरकला. "लकब तुमचीच आहे. आणि आत्ता तुम्ही बोललात ती मात्र... आवाज कापत होता म्हणून असेल, पण जुळत नाहीये."

अंगणातल्या त्या गप्पा. विशाळगड, तुटलेली चप्पल, ते हसू. सगळं कानातल्या हेमलतेने जपून ठेवलं होतं, आणि अर्जाचा बेतही तिने त्याच यंत्रातून ऐकला होता.

"सुनावणी होईल," रेणुका बाहेर आल्यावर म्हणाली. कधी, ते तिला सांगता आलं नाही. स्वरसेतूने उत्तर पाठवलं होतं, की त्यांच्या यंत्रणेत कोणताही दोष आढळलेला नाही आणि हेमलताताईंच्या सेवेबद्दल ग्राहक अतिशय समाधानी आहेत.

दिवाकरराव पायरीवर बसले. "मी केलं हे," ते म्हणाले. हेमलताबाई त्यांच्या शेजारी बसल्या. तेव्हा त्यांना राग आला नाही. त्यांनीही घाईत एक बटण दाबलं होतं. मास्तरांना निदान प्रेमाने फसवलं गेलं होतं.

*

उरला एकच उपाय. हेमलताबाई आणि नसीम पुन्हा घरोघर गेल्या. या वेळी त्यांनी समजावलं नाही, हात जोडले आणि यंत्रं मागितली. ज्यांनी दिली त्यांनी ती कानातून काढताना डोळे मिटून घेतले. इंगवले अण्णांनी आधी नातीला बोलावलं, अंगणात इकडून तिकडे पळायला लावलं, पैंजण ऐकून घेतलं आणि मग दोन्ही यंत्रं नसीमच्या तळहातावर ठेवली. अनसूयाबाईंनी दार उघडलं नाही. पाटणकडच्या वाड्यांपर्यंत त्या दोघींना पोचताच आलं नाही.

जमलेली यंत्रं हेमलताबाईंनी स्वयंपाकघरात एका स्टीलच्या डब्यात ओतली. दिवाकरराव समोर बसले होते. त्यांनी आपलीही काढली, रुमालाने पुसली आणि डब्यात टाकली. झाकण लावलं. घरात त्यांच्यापुरतं सगळं बंद झालं.

"चहा... ठेवू?" हेमलताबाईंनी विचारलं.

दिवाकरराव त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. शिक्षकाच्या चिकाटीने ते आता ओठ वाचायला शिकणार होते. पण त्या ओठांची एकच बाजू हलत होती.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

"चहा. ठेवू का."

"पाय दुखतोय?"

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि भांड्याकडे बोट दाखवलं. दिवाकररावांना कळलं, आणि इतकं साधं कळायला इतका वेळ लागला म्हणून ते कसनुसे हसले.

पाणी उकळायला ठेवून हेमलताबाई वळल्या आणि थबकल्या. स्टीलच्या डब्यातून बारीक आवाज येत होता. त्यांनी कान लावला. त्या चिमुकल्या यंत्रांतून, एकात एक मिसळून, त्यांचाच आवाज बोलत होता. कोणाला काका म्हणत, कोणाला आजी. कढईचा आवाज टोचतोय का विचारत. मधेच हसत. आणि त्या सगळ्या गलक्यात एक आवाज लाडाने, न अडखळता, पुन्हा पुन्हा म्हणत होता, "अहो मास्तर, ऐकताय ना?"

ही यंत्रं हाताने बंद करता येत नसत; बॅटरी उतरेपर्यंत ते चालणार होतं.

"काय गं?" दिवाकररावांनी विचारलं. "काय झालं?"

हेमलताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ओट्यावरचा जाड पंचा घेऊन त्यांनी तो डब्याभोवती गुंडाळला, एकदा, दोनदा, आणि डबा छातीशी धरून त्या खाली बसल्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या. हे मात्र दिवाकररावांना बरोबर वाचता आलं.